इफ्फीत एकच दिवस मिळाला तर

दरवर्षी २० नोव्हेंबरच्या सुमाराला पणजीत इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सुरू होतो आणि आठ-नऊ दिवस चालतो. एवढी रजा कुणाला मिळते? सावंतवाडी, कोल्हापूर, बेळगावहून येणारे बरेच जण एका दिवसासाठीच येतात आणि मग सकाळी नऊपासून मध्यरात्रीपर्यंत पाच-पाच सिनेमे डोळ्यांत कोंबतात. यंदा मीही सावंतवाडीहून एकाच दिवसासाठी गेले होते, आणि पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तीनच बघा. तीन सिनेमे, त्यांच्यामध्ये नीट जेवण, आणि निदान एका सिनेमानंतर दिग्दर्शकाशी होणारी चर्चा. पाचवा सिनेमा घरी पोहोचेपर्यंत आठवत नाही, चर्चा मात्र आठवते.

आधी तयारीचं. डेलिगेट म्हणून नोंदणी महोत्सवाच्या संकेतस्थळावर करायची. गेली काही वर्षं शुल्क जीएसटी धरून ११८० रुपये होतं, विद्यार्थ्यांना माफ. एका दिवसासाठी हे जास्त वाटेल, पण विद्यार्थी घरात असेल तर त्याला घेऊनच जा. कार्ड पणजीतल्या जुन्या जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या जुन्या इमारतीच्या, आवारात मिळतं. फोटो असलेलं ओळखपत्र बरोबर ठेवा आणि पहिल्या खेळाच्या निदान तासभर आधी तिथे पोहोचा. सिनेमाच्या जागा ऑनलाइन आरक्षित कराव्या लागतात. गाजलेल्या, पुरस्कार मिळालेल्या सिनेमांच्या जागा बुकिंग उघडल्याबरोबर संपतात, त्यामुळे वेळापत्रक आलं की त्याच संध्याकाळी वही घेऊन बसायचं. बुकिंग मिळालं नाही तर रश लाइन असते: आरक्षण असलेले आत गेले की उरलेल्या खुर्च्यांवर बिनआरक्षणाच्या रांगेतल्यांना सोडतात. सकाळच्या आणि भर दुपारच्या खेळांना या रांगेतून जागा मिळण्याची शक्यता बरीच असते. आणि जायचं नसेल तर आरक्षण रद्द करा. बाहेर कुणीतरी उन्हात उभं असतं.

मी आदल्या रात्री म्हापशाला आत्याकडे उतरले. आत्या निवृत्त शिक्षिका. महोत्सव २००४ मध्ये गोव्यात स्थिरावला तेव्हापासून ती जाते. तिचा नियम एकच: ‘पर्वरीचा आणि पणजीचा सिनेमा एका दिवशी घेऊ नको गो.’ मांडवी नदीपलीकडे पर्वरीलाही पडदे असतात, फोंड्यालाही. नकाशावर पर्वरी हाकेच्या अंतरावर दिसते. पण पुलाच्या अलीकडे-पलीकडे गाड्यांची रांग लागली की पुढचा सिनेमा हातचा जातो. एकच दिवस असेल तर जुनं जीएमसी आणि कांपालची कला अकादमी एवढ्यातच राहा. दोन्हींमध्ये नदीच्या कडेनं दहा-पंधरा मिनिटांची चाल आहे, सावलीही आहे.

सकाळी आत्या आणि मी म्हापशाहून कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेची, शटल पकडून पणजी स्टँडवर उतरलो. मुंबईहून रेल्वेनं येणाऱ्यांना करमळी जवळ पडतं, थिवीही चालतं. विमानानं येणाऱ्यांसाठी मोपा आणि दाबोळी दोन्ही आहेत. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत, गोवामाइल्स हे ॲप फोनमध्ये असू द्या. एकटे असाल तर पायलट, म्हणजे मोटरसायकलवाले, पणजीत सगळ्यात सोयीचे. भाडं बसण्याआधी ठरवायचं.

जुन्या जीएमसीविषयी थोडं सांगायला हवं, कारण बरेच लोक तिथल्या आयनॉक्स चित्रपटगृहात घाईघाईत शिरतात आणि भोवतालचं बघतच नाहीत. १८४२ मध्ये सुरू झालेलं वैद्यकीय विद्यालय इथे होतं, आशियातल्या जुन्यांपैकी एक. पुढे रुग्णालय बांबोळीला गेलं. बाजूच्या माकिनेझ पॅलेसमध्येही खेळ होतात. तो पडदा लहान आहे, खुर्च्याही थोड्या, म्हणून तिथे लवकर जाऊन बसा.

सिनेमांची नावं मी मुद्दाम देत नाही. पुढच्या वर्षी तुम्ही जाल तेव्हा हे सिनेमे नसणार, निवडायचे कसे एवढंच उपयोगी पडेल. जो सिनेमा दोन महिन्यांत ओटीटीवर किंवा जवळच्या थिएटरात येणार आहे तो सोडा, मग तो कितीही गाजलेला असो. मी सकाळी मध्य आशियातला एक घेतला, संध्याकाळी डागडुजी करून नव्यानं काढलेली जुन्या भारतीय सिनेमाची प्रत घेतली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कामामुळे अशा प्रती आता मोठ्या पडद्यावर बघायला मिळतात. कृष्णधवल चित्रातला साडीचा पोत, कपाळावरचा घाम स्पष्ट दिसत होता. लहानपणी हाच सिनेमा टीव्हीवर खरखरीत बघितलेल्या आत्याला हुंदका आवरेना.

दुपारचा सिनेमा इंडियन पॅनोरमा या भारतीय सिनेमांच्या विभागातला, मेघालयातल्या खासी भाषेतला, आणि दिवसाचं सोनं झालं ते त्याच्यामुळे. गोष्ट साधी: आई, मुलगा, गावाबाहेरचं घर, पावसाळा. संपल्यावर दिग्दर्शक आणि ध्वनिमुद्रण करणारा मुलगा असे दोघं पुढे आले. नेहमीचे प्रश्न झाले, बजेट किती, शूटिंग किती दिवस. मग मागच्या रांगेतल्या, पेडण्याकडच्या असाव्यात अशा एका बाईंनी माईक घेतला आणि विचारलं, ‘पहिल्या अर्ध्या तासात पाऊस पत्र्यावर पडतो, नंतर पत्र्याचा आवाजच येत नाही. छप्पर बदललं का?’ ध्वनिमुद्रकाचा चेहरा उजळला. तो म्हणाला की मधल्या काळात घरावर निळं प्लास्टिक अंथरलं जातं, ते पडद्यावर एकदाही दाखवलेलं नाही, फक्त ऐकू येतं. पत्रा, प्लास्टिक आणि शेवटी गवत, तिन्हींवरचा पाऊस त्यानं वेगवेगळा मुद्रित केला होता. त्या घराची परिस्थिती कशी खालावत गेली ते आम्ही सगळ्यांनी नुसतं ऐकलं होतं, आणि त्या बाईंना ते कळलं होतं. कोकणातल्या माणसाला पत्र्यावरचा पाऊस वेगळा शिकवावा लागत नाही! म्हणूनच सांगते, सिनेमा संपला की पुढच्या रांगेसाठी धावू नका, बसून राहा. अशा संभाषणांसाठी वेळापत्रकात दोन सिनेमांमध्ये निदान दीड तास मोकळा ठेवा. वेळापत्रकात दिग्दर्शक हजर राहणार असं लिहिलेला सिनेमा असेल तर तो आधी निवडा.

जेवणाचं: अकराच्या सुमाराला कॅफे भोसलेत पातळ भाजी आणि पाव खाल्ले तर तीनपर्यंत भूक लागत नाही. मासळीची थाळी हवी असेल तर पूर्ण तास राखून ठेवा, महोत्सवाच्या दिवसांत पणजीतल्या चांगल्या खानावळींबाहेर लोक उभे असतात. आत एसी फार जोरात असतो. नोव्हेंबरमध्ये बाहेर घाम आणि आत हुडहुडी, तेव्हा शाल किंवा पूर्ण बाह्यांचं काहीतरी घ्या. मोठी सॅक घेऊ नका, दारावर तपासणीत वेळ जातो. फोनची बॅटरी मात्र जपा, तिकीट त्यातच असतं.

संध्याकाळच्या खेळाआधी कला अकादमीत अर्धा तास काढा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची ही इमारत मांडवीच्या काठाला मोकळी सोडलेली आहे. तिकीट नसलेला माणूसही आतून चालत नदीपर्यंत जाऊ शकावा अशी तिची रचना. दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी सज्जे रंगवलेत आणि त्यांत गोव्याची माणसं बसवलीत. दिवे मालवण्याआधी ती चित्रं बघून घ्या.

परतीचं आधी ठरवा. रात्री उशिरा म्हापशाकडच्या बसगाड्या विरळ होतात आणि शेवटचा खेळ सुटला की टॅक्सीसाठी झुंबड उडते. आम्ही म्हणूनच साडेआठच्या आत निघालो. आणि बघितलेल्या सिनेमाचं, दिग्दर्शकाचं नाव त्याच रात्री वहीत लिहा. यातले काही सिनेमे पुढे पिफमध्ये, म्हणजे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातही येतात, तेव्हा घरच्यांना नावानिशी सांगता येतं. आत्याच्या वहीत खासी सिनेमाच्या नावाखाली दोनदा रेघ आहे.