तापवलेल्या मधाचा वाढलेला आकडा

जांभळाच्या मधाच्या दोन बाटल्या आमच्याकडे तपासणीला आल्या. डबा एकच, हंगाम एकच. एक नुसती गाळून भरलेली, दुसरी बाटलीबंद करण्याआधी तापवलेली. लेबलवर ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ छापायचं होतं, म्हणून एकूण फिनॉलिक संयुगं (वनस्पतींतून येणारी अँटिऑक्सिडंट) मोजून हवी होती. फोलिन-सिओकाल्टूने, म्हणजे क्षपण करणारा (इलेक्ट्रॉन देणारा) पदार्थ भेटला की निळ्या होणाऱ्या पिवळ्या अभिकर्मकाने मोजली, तर तापवलेल्या मधाचा आकडा मोठा. फुलातून आलेली फिनॉलं तापवून अशी वाढत नाहीत.

पद्धत दिसायला सोपी आहे. 5 ग्रॅम मध वजन करून घ्यायचा. पिपेटने घेतला तर निम्मा काचेलाच चिकटतो. 50 मिली ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून गाळायचा. त्यातला 0.5 मिली, दहापट पातळ केलेलं फोलिन 2.5 मिली, पाच मिनिटांनी 7.5 टक्के सोडियम कार्बोनेट 2 मिली. दोन तास अंधारात ठेवून 760 नॅनोमीटरला निळ्या रंगाचं वाचन, शेजारी गॅलिक आम्ल या प्रमाण फिनॉलाची त्याच दिवशी काढलेली तुलनेची रेषा. कार्बोनेट आधी घातलं तर फोलिन अल्कलीत विघटित होतं आणि आकडा पडतो. फोलिन हिरवट दिसलं तर बाटली सरळ बाजूला ठेवावी. थंडीत कार्बोनेटचे खडे बसतात, क्युव्हेट (वाचनाची छोटी नळी) गढूळ होतं आणि आकडा फुकटचा चढतो.

पहिला संशय साखरेवर. अल्कलीत फ्रुक्टोजही फोलिनला निळं करतं, आणि मधात साखरेपुढे फिनॉलं म्हणजे चिमूटभर. म्हणून 2 ग्रॅम फ्रुक्टोज, 1.7 ग्रॅम ग्लुकोज आणि थोडा माल्टोज 50 मिलीत घेऊन साखरेचा ब्लँक (मध नसलेला, आकड्यातून वजा करायचा नमुना) लावला. हा ब्लँक न लावता मधाचे अहवाल देणं मला मुळीच मान्य नाही. पण वजावट दोन्ही बाटल्यांना सारखीच लागली, फरक जागेवर राहिला.

मग एचएमएफ (हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल, साखर तापल्यावर बनणारं संयुग) पाहिलं. तापवलेल्या मधात ते कच्च्यापेक्षा बरंच जास्त, तरी आपल्याकडच्या किलोला 80 मिलिग्रॅमच्या मर्यादेत. कायद्याने मध पास. पण उष्णतेने साखर आणि अमिनो आम्लांपासून बनलेली तपकिरी संयुगंही फोलिनला क्षपित करतात, आणि फोलिनला त्यांच्यात आणि फिनॉलात भेद कळत नाही.

शेवटी फिनॉलं धरून साखर सोडून देणाऱ्या एक्सएडी-2 रेझिनचा स्तंभ भरला. मध पाच पट पाण्यात, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच 2, थेंबथेंब सोडायचा. आधी आम्लयुक्त पाणी, मग साधं पाणी, भरपूर. इथे घाई केली की साखर मागे राहते. खाली पडणारं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर शून्य ब्रिक्स (म्हणजे साखर नाही) दाखवेपर्यंत धुतलं. मग मिथेनॉलने उतरवून 40 अंशांवर आटवलं. तापवलेल्या मधाचा अर्क तरीही तपकिरीच, म्हणजे ती संयुगंही काही प्रमाणात रेझिनला धरून बसतात. म्हणून त्याच्यावर पुन्हा फोलिन न करता एचपीएलसी (संयुगं वेगळी करून प्रत्येकाचं शिखर आलेखावर दाखवणारी पद्धत) केलं. फिनॉलिक आम्लं आणि फ्लॅवोनॉइडांची एकही शिखर कच्च्या मधापेक्षा मोठं नव्हतं.

अडचण अशी की ती तपकिरी संयुगंही डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीतल्या अभिकर्मकाचा जांभळा रंग उडवतात. म्हणजे क्षपणक्षमता खरी आहे, ‘फिनॉल’ हे नाव खोटं आहे. अहवालात ‘एकूण फिनॉलिक’ खोडून ‘फोलिन-क्षपणक्षमता, गॅलिक आम्ल समतुल्य’ असं लिहिलं आणि खाली एचएमएफ दिलं. ग्राहकाने फक्त पहिली ओळ मागितली. ती एकटी दिली नाही.

कच्च्या बाटलीतला उरलेला मध फ्रीजरमध्ये ठेवलाय. तो 60 आणि 80 अंशांवर तापवून दर तासाला फोलिन आणि एचपीएलसी शेजारी-शेजारी लावायचं आहे.