तार दोन मिनिटांची, थांबणं तासाचं: नेदरलँड्समधलं आर्कचं थ्रीडी प्रिंटिंग

अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या भागातल्या कालव्यावर जुलै २०२१ मध्ये बसवलेल्या पुलाचे फोटो तिकडेही फिरले असतील. बारा मीटरचा, स्टेनलेस स्टीलचा, रोबोंनी तारेचे थर चढवत केलेला. यंत्र म्हणाल तर आपल्या फॅब्रिकेशन शॉपमधलाच मिग वेल्डिंगचा सेट, विजेच्या आर्कने (सलग ठिणगीने) तार वितळवणारा; फक्त टॉर्च, म्हणजे तार सोडणारं तोंड, रोबोच्या हातात.

हिशोब सोपा आहे. १.२ मिमी तार मिनिटाला ५ मीटर सोडली आणि टॉर्च मिनिटाला ५०० मिमी चालवला, की साधारण ५ मिमी रुंद, २ मिमीहून थोडा जास्त उंच थर पडतो. आर्क सलग चालला तर तासाला अडीच किलोच्या वर धातू. पण सलग चालवतो कोण? ३०० मिमीच्या भिंतीचा एक थर ३६ सेकंदांत संपतो. मग ती १५० अंशांच्या खाली येईपर्यंत हात बांधून बसायचं. सुरुवातीला उष्णता खालच्या जाड प्लेटमध्ये पटकन उतरते. भिंत वाढली की वाट तेवढ्याच पातळ धातूतून, म्हणून थांबा लांबत जातो. शहाणी माणसं एकाच प्लेटवर तीन-चार भाग मांडतात आणि रोबोला आळीपाळीने फिरवतात.

घाई केली की काय होतं? वितळलेला धातू पसरतो, थर २.२ ऐवजी २ मिमीच भरतो. प्रोग्रॅमला पत्ता नसतो, तो टॉर्च २.२ नेच उचलतो. वीस थरांनंतर टॉर्च ४ मिमी वर लटकलेला, वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवणारं गॅसचं आवरण विरळ, आणि आत छिद्रं. म्हणून दर पाच-सहा थरांनी उंची मोजायचीच.

दुसरं दुखणं टोकांचं. आर्क पेटतो तिथे थंड धातूवर उंचवटा, विझतो तिथे खड्डा. एकाच दिशेने चालत राहिलात तर भिंत उताराची होते. एक थर डावीकडून, पुढचा उजवीकडून, एवढ्याने बरंच सावरतं.

प्लेट मात्र वाकणारच. जमलं तर दोन्ही बाजूंना आलटून पालटून थर चढवा, आणि पूर्ण थंड होण्याआधी क्लॅम्प सोडू नका.

पुलावर थरांच्या लाटा तशाच ठेवल्या होत्या. रॉटरडॅमला २०१७ मध्ये याच पद्धतीने केलेल्या १.३५ मीटर व्यासाच्या जहाजाच्या पंख्याला ती चैन नव्हती; त्याचे २९८ थर चढवल्यावर मशिनिंग, म्हणजे यंत्रावर कापून गुळगुळीत करणं, करावंच लागलं.