आमची वाटचाल: फर्निचरपासून फिडल यार्डपर्यंत

वडोदऱ्यातील दांडिया बाजार परिसरात वडिलांनी सुरू केलेला आमचा फर्निचरचा कारखाना आज प्रामुख्याने मॉडेल रेल्वेचे लेआउट, म्हणजे रूळ आणि देखाव्यासह मांडलेली छोटी रेल्वे, बांधतो, आणि त्यातही ग्राहक आमच्याकडे येतात ते फिडल यार्डसाठी. देखाव्यामागे दडलेल्या या यार्डात गाड्या उभ्या राहतात, त्यांची जुळवाजुळव होते; समोरच्या स्थानकावरून मुंबईकडे सुटलेली गाडी येथेच येऊन थांबते आणि अहमदाबादहून येणारी येथूनच निघते. पाहुण्यांना ते दिसत नाही, तरीही लेआउटवर एका संध्याकाळी किती गाड्या धावतील हे तेच ठरवते, असे माझे ठाम मत आहे.

या कामाकडे आम्ही वळलो ते एका निवृत्त रेल्वे अधिकाऱ्यांमुळे. त्यांना एचओ, म्हणजे 1:87 प्रमाणातील लेआउटसाठी लाकडी चौकट हवी होती. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा डबा बफरांसह सुमारे 22.3 मीटर लांब असतो. या प्रमाणात तो साडेपंचवीस सेंटीमीटरांचा होतो आणि इंजिनासह आठ डब्यांची गाडी सव्वादोन मीटर भरते. अशा सहा गाड्या उभ्या करायच्या होत्या, भिंत मात्र जेमतेम तीन मीटरांची होती. एका सांध्याला, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणाऱ्या रुळांच्या तुकड्याला, साधारण 22 सेंटीमीटर लागतात, त्यामुळे सहा मार्गांसाठी पाच सांधे एकामागोमाग घातले की मीटरभर लांबी त्यांतच संपते.

म्हणून आम्ही सहाही मार्ग एका सरकत्या फळीवर घेतले. या रचनेला ट्रॅव्हर्सर म्हणतात. तिच्यात लांबी वाचते, पण रुंदी द्यावी लागते: डबे उचलताना बोटे आत जावीत म्हणून मार्गांमध्ये 5 सेंटीमीटर अंतर ठेवले, तर फळी 30 सेंटीमीटरांची होते आणि तिला सरकायला आणखी 25 लागतात. फळीखाली आम्ही ड्रॉवरची टेलिस्कोपिक चॅनेल बसवली. चॅनेलमध्ये किंचित हालचाल राहतेच, म्हणून रूळ समोरासमोर आणण्याचे काम पितळी टॉवर बोल्टकडे सोपवले. त्याच बोल्टमधून वीजही नेल्यामुळे जो मार्ग जुळला असेल त्यालाच प्रवाह मिळतो आणि शेजारची गाडी जागची हलत नाही. सुतारकामाचे नेहमीचे सामान रेल्वेच्या कामी इतके चपखल यावे, याचा मला आजही मनापासून आनंद वाटतो. रुळांची टोके तांब्याचा थर असलेल्या पट्टीवर डाखून घेतो, कारण धक्के तिथेच बसतात. प्लायच्या दोन्ही बाजू आणि कडा सीलरने बंद करणे आम्ही कधीही टाळत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात फळीने बाक धरला की रूळ जुळतात तिथे अर्ध्या मिलिमीटरची पायरी पडते आणि हलका डबा रुळावरून उतरायला तेवढी पुरते.

पुढे शाळा-महाविद्यालयांची कामेही आली. पण आम्हा वडोदरेकरांच्या जिव्हाळ्याचे काम जवळच्या डभोई स्थानकाच्या लेआउटचे. खंडेराव महाराजांच्या काळात 1862 मध्ये डभोई-मियागाम मार्गावर बैलांनी ओढलेल्या गाड्या धावल्या, आणि पुढे मियागाम, चांदोद, बोडेली, समलाया व प्रतापनगर अशा पाच दिशांना डभोईहून नॅरोगेज फुटली. 762 मिलिमीटरांचे हे गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, 1:87 मध्ये पावणेनऊ मिलिमीटर होते, त्यामुळे एन या एचओहून लहान प्रमाणाचे 9 मिलिमीटरांचे तयार रूळ चालतात. मात्र पाच दिशांना पाच यार्डे कोणाच्या खोलीत मावणार? तेथे आम्ही कॅसेट पद्धत घेतली: लाकडी पट्टीवर ॲल्युमिनियमचे दोन अँगल समांतर बसवले की तेच रूळ आणि तेच वीजवाहक होतात. गाड्या आखूड असल्याने चांदोदच्या बाजूने बाहेर पडलेली गाडी तिच्या कॅसेटसह उचलून मियागामच्या तोंडाशी लावता येते, डब्यांना हात लावावा लागत नाही. उचलताना गाडी घसरू नये म्हणून दोन्ही टोकांना सरकते अडसर दिले आहेत. चार दिशांची तोंडे बसवून झाली असून समलायाच्या बाजूचे काम सध्या कारखान्यात चालू आहे.