नदीकाठची झाडी: काय तोडलं, काय राखलं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमचं गाव त्याच्या वरच्या अंगाला, पलूस तालुक्यात, आणि माझी मळी थेट नदीला लागून. पाणी ओसरल्यावर ग्रामसभेत सगळ्यांचं एकच म्हणणं: काठावरच्या झाडीनं पाणी तुंबतं, जेसीबी लावा आणि नदी मोकळी करा. हे काम बघायला नेमलेल्या माणसांत माझंही नाव घातलं.

जेसीबी बोलवायच्या आधी आम्ही काठानं चालत गेलो. सोबत वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक साहेबही. काठ ढासळला होता तो जास्त करून ऊस अगदी कडेपर्यंत होता तिथं. साहेबांनी कारण सांगितलं. पूर चढताना काठ तेवढा पडत नाही, उतरताना पडतो. माती आतून पाण्यानं जड झालेली असते, बाहेरून तिला रेटून धरणारं नदीचं पाणी झपाट्यानं खाली जातं आणि मग दरड बसते. उसाची मुळं वरच्या थरातच असल्यानं ती काही धरून ठेवत नाहीत. करंज, उंबर, वाळुंज होते तिथं मात्र काठ बऱ्यापैकी शाबूत होता.

तरी झाडीमुळं पाणी तुंबतं हे खोटं नव्हतं. नदीवरच्या बंधाऱ्याच्या खांबांना ओंडके, सुबाभळीची उन्मळलेली झाडं आणि बेशरमीचं जाळं असं अडकलं होतं की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढूनही खांबांमधली निम्मी गाळी बंद. पात्राच्या आत गाळाच्या बेटावर वाढलेली सुबाभूळ ताठ उभी राहून वाहतं सगळं अडवते. शेरणीची झुडपं नि लव्हाळा पाण्यासरशी आडवे होतात, पाणी वरून निघून जातं. तेव्हा ठरलं, सरसकट काही नाही. तोडायच्या झाडाला लाल पट्टा, राखायच्याला पांढरा. काठावरची तोड बुडख्याशी करायची, मूळ उपटायचं नाही. उपटलं की खड्डा, आणि पुढच्या पुरात पाणी तिथूनच आत शिरणार.

कागदपत्रांत वेळ गेला तो वेगळाच. पात्र सरकारी, त्यामुळं तहसील नि पाटबंधारे दोन्हीकडं अर्ज. मालकीच्या रानातलं जांभूळ, आंबा, चिंच तोडायचं तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं परवानगी लागते. एका कार्यालयानं अर्ज दुसऱ्याकडं आणि दुसऱ्यानं परत पहिल्याकडं पाठवला. शेवटी अर्जाला सातबारा, मोजणीचा नकाशा आणि पट्टे मारलेल्या झाडांचे फोटो जोडले तेव्हा साहेब लोक जागेवर आले. नवख्यानं फोटो पहिल्याच अर्जाला जोडावेत.

कामाचा हंगामही ठरवावा लागला. आमच्या पट्ट्यात, औदुंबर-भिलवडीच्या बाजूला, मगरी आहेत. त्या उन्हाळ्यात काठावर अंडी घालतात. उभ्या दरडीत वेडे राघू बिळं करतात तीही फेब्रुवारीनंतरच. म्हणून यंत्राचं सगळं काम दिवाळी ते संक्रांतीच्या मध्ये उरकायचं. जेसीबीवाला उभी दरड उतरती करून देतो म्हणत होता, पण राघूंचा तेवढा तुकडा तसाच ठेवला. बेशरमीनं मात्र खरा घाम काढला. तोडून काठावर टाकली तर प्रत्येक कांडी पुन्हा मूळ धरते, आणि विषारी म्हणून शेळीही तोंड लावत नाही. ट्रॉलीत भरून माळावर नेली, वाळवली, मग जाळली.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते उसाच्या शेवटच्या सऱ्यांवरून. काठापासून थोडी पट्टी मोकळी सोडून तिथं वाळुंज, करंज आणि वाळा लावायचा असं आम्ही सुचवलं. शेजारचे आप्पा म्हणाले, ‘‘अरं, चार सऱ्या सोडायच्या म्हंजे किती टन गेला, हिशोब कर की!’’ मी म्हणालो, ‘‘आप्पा, मागच्या पुरात गेलेल्या सऱ्याही हिशोबात धरा.’’ त्यांनी धरल्या नाहीत. आम्ही काही जणांनी आपापल्या रानात पट्टी सोडली. वाळुंजाच्या बोटाएवढ्या जाड काड्या ओल्या काठात खोचल्या की फुटतात, एवढं स्वस्त रोप दुसरं नाही. वाळ्याला पहिला उन्हाळा मोटारीचं पाणी द्यावं लागलं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. खरं सांगायचं तर आमच्या कामानं पातळी बोटभरही उतरली नाही. एवढं पाणी ठरतं ते पाणलोटातल्या पावसावर आणि कोयना धरणाच्या विसर्गावर. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं इथला पूर वाढतो का, हा वाद तर इथल्या चहाच्या गाड्यावर रोजचा आहे, त्यात मी पडत नाही. पण बंधाऱ्याच्या गाळ्या त्या वर्षी तुंबल्या नाहीत, त्यामुळं बाजूनं काठ फोडून पाणी शेतात वळलं नाही. खालच्या ओळीतला वाळा बराच वाहून गेला, वरचा टिकला. वाळुंज झोपले आणि महिन्याभरात पुन्हा उठले. त्यांची तांबडी मुळं आता पाण्यात लोंबतात, बारकी मासळी तिथंच असते आणि खंड्याही तिथंच टपून बसतो.

आप्पांच्या रानाची अजून एक सरी नदीत गेली. त्यांनी वाळुंजाच्या काड्या मागितल्या खऱ्या, पण लावल्या बांधावर, काठावर नाही. बेशरम दर दिवाळीनंतर काढावीच लागते, आणि त्या दिवसाची मजुरी कोणी द्यायची यावरून ग्रामपंचायतीत अजून बोलणी चालू आहेत.