घोट्याची वही: आतकरवाडी ते आतकरवाडी, सतरा आठवडे

दर रविवारी सिंहगड करणाऱ्या मंडळींना वेळेचं वेड असतं, तसं मलाही आहे. पायथ्याच्या आतकरवाडीतून निघून गडाच्या पुणे दरवाजापर्यंत ६२ मिनिटं, हा माझ्या वहीतला जूनमधला आकडा. वय ४६, त्यामुळे मी त्यावर खूश होते. वही तीच आहे, पण जुलैपासून तिच्यात मिनिटांच्या जागी सेकंद आणि बोटांची मापं आली. दर पावसाळ्यात आपल्यापैकी कुणाचा ना कुणाचा पाय मुरगळतोच, म्हणून त्यातली काही पानं इथे उतरवते आहे.

जुलै, दुसरा रविवार

अवघड टप्पे संपले होते, शेवाळलेला कातळही मागे पडला होता. शेवटच्या सरबतवाल्या मावशींना हात करून खाली वळले आणि नारळाएवढ्या एका दगडावर उजवा पाय पडला. दगड फिरला, पाऊल आतल्या बाजूला दुमडलं आणि ‘कट्’ असा आवाज आला. तो मला ऐकू आला की हाडातून जाणवला, अजून सांगता येत नाही.

बूट काढायला वाकले तर मावशी वरून ओरडल्या, “ओ ताई, बूट काढू नका! सुजला की परत चढायचा नाही, मग अनवाणी जाल का खाली?” एवढं शहाणपण त्या क्षणी मला सुचलं नसतं. लेस जरा सैल केली, बुटावरूनच ओढणी इंग्रजी आठच्या आकड्यात घट्ट बांधली आणि दोघांच्या खांद्यांवर हात टाकून उतरले. उरलेल्या पंचवीस मिनिटांच्या वाटेला दीड तास लागला.

खाली आल्यावर एक गोष्ट मुद्दाम करून पाहिली. कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ मध्ये डॉक्टरांनी घोट्याच्या एक्स-रेसाठी एक साधी कसोटी बसवली. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाची मागची कड खालच्या ६ सेंटिमीटरपर्यंत बोटाने दाबायची. तिथे थेट हाडावर दुखलं, किंवा पडल्यावर लगेच आणि नंतर तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेत मध्यावर जे हाड टोचतं तेही दाबायचं, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचंही. माझी चार पावलं लंगडत का होईना पडली. दुखत होतं ते हाडाच्या पुढच्या खळग्यात, म्हणजे पाय आत मुरगळल्यावर बहुतेक वेळा सगळ्यात आधी ताणलं जाणारं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) जिथे असतं तिथे. तरी सोमवारी डॉक्टरांना दाखवलंच. हाड शाबूत होतं, लिगामेंट अर्धवट फाटलं होतं.

पहिला आठवडा

घरी दोन पक्ष पडले. सासूबाई आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून तयार होत्या. लेपाला माझी हरकत नव्हती, लावून घेतला. पण “जरा चोळून देते, रक्त मोकळं होईल” याला मात्र हात जोडले. ताज्या दुखापतीला पहिले दोन-तीन दिवस चोळणं, गरम शेक आणि ओढून ‘बसवणं’ या तिन्ही गोष्टी टाळायच्या, कारण आत रक्तस्राव चालू असतो आणि त्याने सूज वाढते. पाय उशीवर, क्रेप बँडेज बोटांकडून वर पोटरीकडे, दुखलं की कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं.

बर्फाचं सांगायचं तर ‘विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच’ हे सूत्र गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये मांडलं आणि बर्फ व पूर्ण विश्रांतीने भरून येणं लांबू शकतं, असं पुढे त्यांनीच लिहिलं. मी बर्फ दुखणं कमी करण्यापुरता वापरला, तोही तीनच दिवस.

मला आधी सल्ला मिळाला होता तीन आठवडे पाय जमिनीला न टेकवण्याचा. मग एका फिजिओकडे गेले. पोरगेलासा मुलगा, पण हात जाणता. त्याने चौथ्या दिवशीच पाऊल टाकायला लावलं. “काकू, दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जास्त वाटलं, किंवा सूज वाढलेली दिसली, तर आदल्या दिवशी आपण जास्त केलं.” हे ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं. करताना बरंच वाटतं. निकाल कळतो सकाळी उठून मोरीपर्यंत चालताना.

दम टिकवायला सहाव्या दिवसापासून जागच्या जागी चालवायची सायकल, २० मिनिटं. पोहायला दहाव्या दिवसापासून. बेडकासारखे पाय मारायचे नाहीत, त्यात पावलाला पीळ बसतो.

तिसरा आठवडा: इथेच फसतात सगळे

दुखणं जवळजवळ गेलं. सपाट रस्त्यावर अर्धा तास चालले, काही नाही. रविवारी ग्रुप लोहगडला निघाला होता आणि मी पिशवी भरून तयार होते.

दोन वर्षांपूर्वी याच टप्प्यावर मी माती खाल्ली होती. हाच पाय, दहा दिवसांत ‘बरा’ झाला, अकराव्या दिवशी ट्रेक. तेव्हापासून तो महिन्यातून एकदा तरी सपाट फरशीवर उगाच लचकायचा आणि मी चपलेला दोष द्यायचे. फिजिओने उभं करून दाखवलं तेव्हा कळलं. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. डावा पाय २३ सेकंद. उजवा ४. चार! पाचव्या सेकंदाला मी भिंतीला धरलं होतं.

लिगामेंट ही नुसती दोरी नसते. पाऊल कलतंय ही खबर तिथून मेंदूकडे जाते आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू ते सावरतात. दोरी ताणली की खबरही उशिरा जाते. सूज उतरते दोन-तीन आठवड्यांत, तंतूंची पक्की घडण व्हायला मात्र महिनोन्‌महिने लागतात. घसाऱ्यावर पाय ठेवल्यावर सावरायला आपल्याला किती वेळ मिळतो ते आपण सगळे जाणतोच.

लोहगड रद्द. पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू घरीच संपवले.

मग तीन मापं ठरवली, दर रविवारी सकाळी घ्यायची. एक, डोळे मिटून एका पायावर किती सेकंद. दोन, भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती बोटं लांब राहतो ते मोजायचं (चढावर घोटा किती वाकतो ते यातून कळतं). तीन, एका पायाच्या चवड्यावर किती वेळा वर-खाली होता येतं.

तिसरा आठवडा, उजवा: ४ सेकंद, २ बोटं, ६ वेळा. डावा: २३, ५, २४.

सहावा आठवडा

पर्वती. १०३ पायऱ्या, लहानपणापासून पाठ. चढताना मजा आली, उतरताना कठड्याच्या बाजूने. रोजचा व्यायाम दात घासताना होतो: सकाळी उजव्या पायावर, रात्री पुन्हा उजव्या पायावर. आता उशीवर उभी राहते. घरच्यांना हसायला एक विषय झाला आहे.

उजवा: ११ सेकंद, ३ बोटं, १३ वेळा.

आठवा आठवडा

नवीनच भानगड. डावा गुडघा! जिना उतरताना वाटीच्या मागे बोथट कळ, खुर्चीत तासभर बसून उठलं की तीच. दोन महिने सगळा भार डाव्यावर टाकत आले होते, त्याने बिल पाठवलं. सूज नाही, गुडघा अडकत नाही, अचानक सुटतही नाही. यातलं काहीही असतं तर आधी ऑर्थोपेडिक गाठला असता.

फिजिओने पायरीवर उभं केलं आणि दुसऱ्या पायाची टाच हळूहळू खाली टेकवायला सांगितली, तीन आकडे मोजत. समोरच्या आरशात स्वतःला पाहून मी चाट पडले. उतरताना माझा गुडघा सरळ न जाता आतल्या बाजूला झुकत होता आणि कमरेचा एक भाग खाली पडत होता. सोळा वर्षं डोंगर चढतेय आणि कुल्ल्याचे स्नायू इतके ढिले! चढाने दम तयार होतो, पण उताराला मांडीला ब्रेक लावावा लागतो. स्नायू लांब होत असताना जोर धरतो, ते काम वेगळंच. त्याची सवय नसली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि आपण कमोडवर बसताना देवाचं नाव घेतो. ते दुखणं निराळं, ते मांडीभर पसरलेलं असतं आणि तीन-चार दिवसांत आपोआप ओसरतं. एका बोटाने दाखवता येणारं, सांध्यातलं, दर उतारावर परत येणारं दुखणं अंगावर काढू नये.

औषध तेच: पायरीवरून हळू उतरणं, दोन्ही पायांनी, १० वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. मी इमारतीच्या जिन्यावर करते. वॉचमनकाका आता विचारत नाहीत.

अकरावा आठवडा

वेताळ टेकडी, दोन्ही हातांत काठ्या. इतकी वर्षं मी काठीवाल्यांना मनातल्या मनात हसत आले, माफी असावी. उताराला काठी चढापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर लांब करायची, पावलाच्या आधी ती टेकवायची आणि पावलं आखूड टाकायची. गुडघ्यावरचा भार खरंच हलका होतो. कातळटप्पा आला की मात्र काठ्या पिशवीत, तिथे हात मोकळे हवेत.

लेसवाला अँकल ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टाही घातला. एकदा मुरगळलेल्याला त्याचा चांगला उपयोग होतो. नुसत्या उंच गळ्याच्या बुटांवर माझा तेवढा विश्वास राहिला नाही, पडले तेव्हा तेच पायात होते.

उजवा: १७ सेकंद, ४ बोटं, १९ वेळा.

चौदावा आठवडा

सिंहगड, फक्त चढ. ७९ मिनिटं. वर पिठलं-भाकरी, मटक्यातलं दही आणि उतरायला शेअर जीप. जीपमध्ये बसताना फार ओशाळल्यासारखं झालं, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून टोपी डोळ्यांवर ओढली होती. भेटलेच. दुसऱ्या दिवशी सकाळी: सूज नाही, दुखणं एक.

सतरावा आठवडा, नोव्हेंबर

चढ ७१ मिनिटं आणि चालत उतार. पाऊस जाऊन वाट वाळली की मुरूम बुटाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखा फिरतो, मला तो शेवाळापेक्षा वाईट वाटतो. उतरायला ८८ मिनिटं घेतली. मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाट दिली, एका आजोबांनाही.

मावशी होत्या. आधी बुटाकडे बघितलं, मग काठ्यांकडे. “आता म्हातारीवानी आलात व्हय?” म्हणाल्या आणि सरबतात मीठ जास्त घातलं. त्यांच्या खालच्या वळणावर एकदा पाऊल सटकलं. काठी टेकवायच्या आतच घोटा सरळ झालेला होता.

तोरणा ते राजगड जानेवारीत करायचं म्हणतेय. बुधला माचीवरून निघून राजगडापर्यंतची लांबलचक धार आणि खिशात दोन दिवस. त्याआधी सिंहगड चढ-उतार सलग तीन रविवार जमला पाहिजे, त्यातला एक पाठीवर आठ किलो घेऊन. एक जमला.

सोमवार सकाळ, मोरीपर्यंत: दुखणं शून्य, डाव्या गुडघ्यात एक. उजवा: २१ सेकंद, साडेचार बोटं, २२ वेळा.