लोखंड तेच, माप तेच

गेल्या डिसेंबरात, कापसाचा हंगाम भरात असताना, हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगचे शेठजी सकाळीच माझ्या वर्कशॉपमध्ये आले आणि रोलरच्या तुटलेल्या शाफ्टचे दोन तुकडे त्यांनी टेबलावर ठेवले. "भाऊ, लोखंड तेच, माप तेच, मंग पहिला दहा हंगाम चालला अन् हा दीड महिन्यात कसा तुटला?" गावी परतण्यापूर्वी मी विमानाच्या इंजिनाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो, तिथे आम्ही रोज याच प्रश्नाशी झगडत होतो.

तुटलेल्या तोंडावर भिंग धरले तेव्हा शिंपल्यावर असतात तशा वळ्या स्पष्ट दिसल्या, आणि त्या सगळ्या चावीच्या गाळ्याच्या (चाक शाफ्टवर घट्ट धरणारी लोखंडी पट्टी म्हणजे चावी, ती बसते ती खाच म्हणजे गाळा) एकाच कोपऱ्यातून निघाल्या होत्या. म्हणजे भेग पहिल्या दिवसांपासूनच थोडीथोडी सरकत होती. जुन्या शाफ्टमध्ये हा कोपरा किंचित गोल होता. नवा करणाऱ्याने तो शेपरवर, म्हणजे धातू तासणाऱ्या यंत्रावर, टोकदार काढला होता आणि हत्याराचे ओरखडेही तसेच सोडले होते. मापाचा व्हर्नियर लावला, तर माप बिनचूक भरले.

मापात न सापडणारा असाच दोष ६ जुलै १९९६ रोजी अमेरिकेतील पेन्साकोला येथे जिवावर बेतला. उड्डाणासाठी धावणाऱ्या एमडी-८८ विमानाच्या इंजिनातील पंख्याचा टायटॅनियमचा हब फुटला आणि दोन प्रवासी दगावले. त्या हबचे आयुष्य २०,००० आवर्तने ठरवलेले होते (एक उड्डाण आणि एक उतरणे म्हणजे एक आवर्तन), पण तो १३,८३५ आवर्तनांतच गेला. एक छिद्र पाडताना ड्रिलच्या उष्णतेने कडेचा धातू बदलून कडक झाला होता आणि भेग तिथूनच वाढली. आयुष्याचे गणित मात्र निर्दोष छिद्र गृहीत धरून मांडलेले होते. म्हणूनच आमच्याकडे ड्रिलचा वेग, कूलंटचा प्रवाह, किती छिद्रांनंतर ड्रिल बदलायचे, हे सारे एकदा मंजूर झाले की परवानगीशिवाय कोणालाही बदलता येत नसे. कामगारांना तो जाच वाटे. मला तो कधीच वाटला नाही.

मी शेठजींना विचारले, त्याच माणसाने त्याच वेळी आणखी किती शाफ्ट केले? तीन, आणि तिन्ही चालू होते. मी म्हणालो, "शेठजी, तिन्ही आजच काढा." फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, त्यामुळे त्यांचा चेहरा उतरला. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या नव्या इंजिनांच्या चकत्यांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत दोष असल्याचे समोर आले, तेव्हा ठराविक वर्षांत बनलेल्या चकत्या चालत्या इंजिनांतून मुदतीआधी तपासणीला काढाव्या लागल्या आणि आपल्याकडे इंडिगोची कितीतरी विमाने जमिनीवर उभी राहिली. हे मी त्यांना सांगितले, आणि मग ते उठले.

दुपारी तिन्ही शाफ्टना लाल डाय लावून, तो पुसून पांढरी पावडर मारली; भेग असेल तर तिच्यात शिरलेला डाय पावडरवर रेघ होऊन उमटतो. एकाच्या कोपऱ्यात केसाएवढी लाल रेघ उमटली. दोन स्वच्छ निघाले. "हे दोन तरी चालू देऊ ना?" शेठजींनी विचारले. मी नकार दिला, कारण दिसण्याइतकी भेग अजून पडली नसली तरी कोपरा तोच होता, आणि तो किती दिवस टिकेल हे सांगण्याचे साधन माझ्याकडे नव्हते.

जिन दोन दिवस बंद राहिला. चारही शाफ्ट मी नव्याने केले, गाळे मिलिंगवर गोल कोपऱ्याचे काढले, आणि प्रत्येकाच्या टोकावर तारीख व क्रमांक पंचने ठोकून तो क्रमांक, सळईचा गट आणि वापरलेला कटर वहीत लिहून ठेवला.