कायमची नोकरी सोडून ट्रकवर जावं का? सात महिन्यांचा माझा हिशेब

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर म्हणून कायम होतो. हातात महिन्याला २४,५०० रुपये येत. बंगळुरू लाइनच्या एका गाडीमालकानं विचारलं, जड वाहनाचं लायसन्स काढ आणि दहाचाकीवर ये. पगार २२,०००, शिवाय गाडी बाहेर असेल त्या प्रत्येक दिवसाला ५०० भत्ता. महिन्यात २५ दिवस बाहेर धरले तर ३४,५०० होतात, म्हणजे सरळ दहा हजार जास्त. बरेच जण एवढ्या बेरजेवर राजीनामा देतात. मी आधी वजाबाकी केली.

भत्ता ही कमाई नव्हे, तो बाहेर राहण्याचा खर्च आहे. दोन वेळचं जेवण, नाश्ता, तीन-चार चहा, आंघोळ आणि पाणी धरून धाब्यावर दिवसाला ३८० रुपये सहज जातात. २५ दिवसांचे ९,५००. उरले २५,०००. इकडे कंपनी माझ्या १८,००० मूळ पगार-डीएवर १२ टक्के पीएफ भरत होती, ते २,१६० झाले. म्हणजे कंपनीतले २६,६६० आणि ट्रकवरचे २५,००० अशी खरी तुलना होती. घरच्या जेवणाची आणि घरी झोपण्याची किंमत यात धरलेली नाही.

तरी कागदावरच्या आकड्यावर निर्णय घ्यायचा नाही असं ठरवून सहा दिवस रजा टाकली आणि ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर दुसऱ्या सीटवर कोल्हापूर–बंगळुरू अशी एक पूर्ण फेरी केली. ज्याच्या डोक्यात हा विचार आहे त्यानं हे केल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये. सोबत वही ठेवावी आणि दर तासाला फक्त एकच गोष्ट लिहावी: चाक फिरतंय की थांबलंय.

माझ्या वहीत आलं ते असं. सकाळी नऊला गेटवर नंबर लावला, गाडी दुपारी चारला भरली. मग वजनकाटा, बिल्टी म्हणजे मालाची पावती, ई-वे बिल म्हणजे जीएसटीखाली माल नेण्याचा ऑनलाइन कागद, ताडपत्री आणि दोर. निघेपर्यंत रात्रीचे आठ. बंगळुरूत जड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असते, त्यामुळे शहराबाहेर थांबणं आलंच. माल उतरला आणि परतीच्या मालासाठी दीड दिवस गाडी ट्रान्सपोर्ट नगरात उभी राहिली. जाऊन-येऊन सुमारे १,२२० किलोमीटर, पाच दिवस. या १२० तासांपैकी चाक फिरलं ३१ तास. उरलेल्या वेळात झोप धरली तरी ताटकळणं फार मोठं आहे, आणि त्या ताटकळण्याचे पैसे हॉल्टिंग म्हणून मालकाला मिळाले तरी ड्रायव्हरपर्यंत येतातच असं नाही. कारखान्यात मशीन बंद पडलं तरी माझी पाळी संपायची आणि मी घरी जायचो. इथं गाडी बंद म्हणजे ड्रायव्हर गाडीतच.

ई-वे बिलाकडे नव्या माणसाचं लक्ष नसतं. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, म्हणजे बंगळुरूच्या साडेसहाशेच्या आतल्या अंतराला चार दिवस. वाटेत गाडी बिघडली आणि मुदत टळायला आली तर संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते. त्यासाठी मालकाला फोन वेळेवर गेला पाहिजे. गाडी बदलली तर नव्या गाडीचा नंबर बिलात भरावा लागतो. तपासणीत सापडतो तो स्टेअरिंगवरचा माणूस, म्हणून मुदतीची तारीख त्याच्या डोक्यात हवी.

दुसरा हिशेब नोकरी सोडण्याच्या तारखेचा. माझी या कंपनीत चार वर्षं पाच महिने झाली होती. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं लागतात. सूत्र सोपं: मूळ पगार-डीए गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १८,००० वर पाच वर्षांचे ५१,९२३ रुपये होतात. त्याच आठवड्यात सोडली असती तर हे हातचे गेले असते, म्हणून सात महिने थांबायचं ठरलं. पेन्शनच्या बाबतीत आधीची नोकरी धरून माझी साडेसात वर्षं होती, लागतात दहा. अशा वेळी पेन्शनची रक्कम काढून न घेता फॉर्म १०-सी भरून स्कीम सर्टिफिकेट घ्यावं, म्हणजे पुढं पीएफ असलेली नोकरी लागल्यावर ती वर्षं जोडली जातात. पीएफ कायदा वीस किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला लागू होतो. चार गाड्यांच्या मालकाकडे तो नसतो, हे विचारण्याआधीच धरून चालावं.

थांबलेल्या सात महिन्यांत लायसन्स काढलं. हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं आणि वय वीस पूर्ण हवं. शिकाऊ लायसन्स, मग तीस दिवसांनंतर चाचणी. सोबत ड्रायव्हिंग स्कूलचा शिकल्याचा दाखला (फॉर्म ५) आणि डॉक्टरचा दाखला (फॉर्म १-ए). आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. मालवाहतुकीचं लायसन्स पाच वर्षांचं मिळतं, ज्वालाग्राही किंवा घातक मालाचं तीन वर्षांचं. डोळे आधीच तपासून घ्यावेत, आणि फक्त नंबरासाठी नव्हे. रात्री समोरून दिवे आले की रस्त्याची कड किती वेळ दिसेनाशी होते, हे स्वतः दुचाकीवर बघावं. ज्याला त्या उजेडानंतर सावरायला वेळ लागतो त्यानं रात्रीची लाइन धरू नये. झोपेत मोठ्यानं घोरणाऱ्यानंही डॉक्टरला ते सांगावं, कारण अशा माणसाची झोप पुरी होत नाही आणि पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान स्टेअरिंगवर डोळा लागतो.

जड वाहनाचं लायसन्स हाती येण्याआधीही अंदाज घेता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. मी रविवारी ४०७ टेम्पोवर बाजार समितीचा भाजीपाला वाहिला. पाठीचं, गुडघ्याचं आणि चिडचिडीचं उत्तर चार रविवारांत मिळतं.

स्कूलच्या शिकवणीत एक मोठी उणीव राहते. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो, साध्या स्कूलमध्ये त्याहून बरंच कमी चालवायला मिळतं, आणि तेही रिकाम्या गाडीवर. भरलेली दहाचाकी हे वेगळंच जनावर आहे. २८१८ या मॉडेल नंबरातले पहिले दोन आकडे मालासकट २८ टन सांगतात, पुढचे दोन सुमारे १८० अश्वशक्ती. आरसी बुकातलं रिकामं वजन ९.२ टन असेल तर कायद्यानं १८.८ टन माल भरता येतो. वर तीन टन घातले तर वीस हजार दंड, शिवाय प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल तिथंच उतरवायचा. हा दंड कोण भरणार, हे कामाला लागण्याआधी तोंडावर विचारावं.

सगळ्यात जास्त वेळ मी उताराला दिला. साताऱ्याकडून पुण्यात येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. दिसायला घाट वाटत नाही, म्हणूनच घात करतो. तिथं डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारे आहेत, आणि ब्रेक लागला नाही असं म्हणत पुढच्या गाड्यांवर जाणारेही. फिटर म्हणून यातलं नेमकं कारण सांगतो. न्यूट्रलवर इंजिनचा अडसर नाहीसा होतो, मग २८ टनांचा सगळा भार ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे चाकातल्या ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तरावर येतो. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते. ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो; घाबरून वरचेवर पेडल मारलं की टाकीतली हवा कॉम्प्रेसर भरण्याआधी संपत जाते. गेजचा काटा खाली येतो, बझर वाजतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. शिवाय न्यूट्रलवर डिझेल वाचतही नाही. आताच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल मारणंच बंद होतं, न्यूट्रलवर मात्र आयडलिंगचं डिझेल जळत राहतं. चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. गिअर उतार सुरू होण्याआधी पाडायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग उतरवणारा) लावायचा, आणि पाय एकदा घट्ट दाबून वेग उतरवून सोडायचा.

न्यूट्रलची सवय लागते ती पगाराच्या पद्धतीमुळे, हे फेरीत कळलं. काही मालक फेरीला डिझेल मोजून देतात. १,२२० किलोमीटरला लिटरमागे ४.२ किलोमीटरचा ॲव्हरेज धरून २९० लिटर. प्रत्यक्षात ४ चा पडला तर लागतात ३०५. वरचे पंधरा लिटर ड्रायव्हरच्या खिशातून, म्हणजे नव्वदच्या भावानं १,३५०. माल जड असेल, ताडपत्री फडफडत असेल, टायरमध्ये हवा कमी असेल किंवा घाटात दोन तास गाडी चालू ठेवून उभं राहावं लागलं असेल, ॲव्हरेज पडतोच. हा धोका माणसाला वाकडं चालवायला लावतो. असं मोजून डिझेल देणारं काम मी घेतलं नाही.

बंगळुरू लाइनला नाही म्हटलं. कोल्हापूर–चाकण अशी ठरलेली फेरी असलेल्या, पीएफ भरणाऱ्या ट्रान्सपोर्टरकडे गेलो. पगार २३,०००, भत्ता ३०० आणि एकाआड एक रात्र घरी. एकूण रक्कम पहिल्या बोलीपेक्षा कमी, पण सुमारे २६० किलोमीटरचा रस्ता, दोन्ही टोकांची गेटं आणि थांबण्याची वेळ माहीत. हो म्हणण्याआधी तीन गोष्टी मागितल्या: गाडीचा विमा, फिटनेस आणि पीयूसीच्या तारखा, आधीच्या ड्रायव्हरची फेऱ्यांची वही, आणि गाडीपाशी अर्धा तास.

वहीत दोन महिन्यांत २३ फेऱ्या होत्या, अधेमधे कोरी पानं नव्हती. गाडीपाशी हवा पूर्ण भरू दिली, इंजिन बंद केलं, पेडल दाबून धरलं आणि गेज बघत बसलो. काटा पहिल्यांदा थोडा खाली आला आणि तिथंच थांबला. खाली वाकून मागच्या ब्रेक चेंबरपाशी कान लावला, फुस्स आवाज नव्हता. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे असतात. आठही मागचे टायर दोन वर्षांच्या आतले निघाले, पुढचा डावा मात्र जुना आणि आतल्या कडेनं घासलेला. तो बदलून अलाइनमेंट करून द्या, मग सोमवारपासून येतो, असं सांगितलं. टायर शनिवारी बसला.